सोडण्याचे कारण

२ मे

ताई,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहायची वेळ यावी, याला काय म्हणायचं ते तूच ठरव. तू मुख्याध्यापिका आहेस. मी चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासते. माझ्याकडे एवढे शब्द नाहीत. पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि दुसऱ्या दिवशी 'मी असं म्हणालेच नव्हते' असंही एकदमच म्हणतो. म्हणून लिहिते. लिहिलेलं तुला नाकारता येणार नाही, मलाही. माझा नवरा रोज सकाळी पावाची गाडी घेऊन तुझ्या दारावरून जातो, त्याच्या हाती देते. तो म्हणाला, "मी टपाल आहे, मला मत विचारू नका." शहाणा आहे.

तर मुद्दा. शाळा निवडायचा कायदा झाला. मंत्री रेडिओवर म्हणाले की सरकारचं काम शाळा चालवणं नाही, आईबापांना शाळा निवडू देणं आहे. माझ्या भिंगरीचं कुपन आलं, म्हणजे नव्या शाळेची फी सरकार भरणार. नदीपलीकडच्या नव्या शाळेत तिला जागाही मिळाली. महिनाअखेरपर्यंत तुझ्या सहीचा दाखला नेऊन दिला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल. मी अर्ज भरून दिला, एकही रकाना रिकामा ठेवला नाही. 'शाळा सोडण्याचे कारण' इथे लिहिलं, 'तीन वर्षांत विज्ञान शिकवायला कुणीही आलेलं नाही.' तू अर्ज परत पाठवलास. माझ्या वाक्याभोवती लाल गोल आणि शेजारी तुझ्या सुबक अक्षरात, "घर बदलले, असे लिहावे."

ताई, मी घर बदललेलं नाही. जन्मापासून याच वस्तीत आहे. तुझ्याच शाळेत शिकले आणि मधल्या सुट्टीत तू येऊन बाईंकडे माझ्या चुगल्या करायचीस, तेही विसरलेले नाही. भिंगरीने परवा भिंतीवरचं घड्याळ खोललं आणि विचारलं, "आई, हे चाक उलटं का फिरतं?" मला येत नाही. जिथे तिला कुणी उत्तर देईल तिथे मी तिला पाठवणार. सही कर.

धाकटी


६ मे

धाकटे,

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. मनात आत्ता फारसे नाहीत.

या शाळेतून जो कुणी पोर काढतो तो वर्षानुवर्षं 'घर बदलले' असंच लिहितो. कुणाला काही सांगावं लागत नाही. आईबापांना अवघडायला होत नाही, शाळेला डाग लागत नाही आणि पोर मुकाट दुसरीकडे जातं. आमच्या कारकुनाने तर रबरी शिक्काच करून घेतलाय, लिहून हात दुखतो म्हणून. एवढ्या सगळ्या लोकांना चालतं. तुलाच नेमकं सत्यवचनी व्हायचंय.

आणि विज्ञानाला कुणी नाही हे तू मला सांगतेस? जागा भरा म्हणून मी खात्याला लिहून लिहून थकले. उत्तर येतं, "शासन खर्च आटोपता ठेवत आहे." त्याच आठवड्यात हुकूम येतो, दोन शिक्षिका मतदारयाद्यांच्या कामाला पाठवा. बाई द्यायची वेळ आली की सरकार एवढंसं, न्यायची वेळ आली की हत्तीएवढं. विज्ञानाच्या खोलीत मतपेट्या ठेवल्यात, दाराला त्यांचं सील. माझ्याच शाळेतल्या खोलीची किल्ली माझ्याकडे नाही. तरी मी जिन्याखाली फळा लावून पोरांना जमेल तेवढं विज्ञान शिकवते. मी भाषेची बाई आहे, धाकटे. मलाही ते उलटं चाक येत नाही.

आता नीट ऐक. पट काठावर आलाय. भिंगरी गेली की लोक म्हणणार, मोठ्या बाईंची भाचीच गेली, मग आपण कशाला थांबायचं? पट नियमाच्या खाली गेला की शाळेला कुलूप. मग उरतील ती पुलाच्या कामावरच्या मजुरांची पोरं. पत्र्याच्या खोल्या, आज या काठाला, उद्या त्या काठाला. त्यांना पक्का पत्ता नाही, आणि पक्का पत्ता नसला की तुझं लाडकं कुपन मिळत नाही. त्यांना ही एकच शाळा आहे. ती गेली की ती पोरं घमेली उचलणार, दुसरं काही नाही.

तुझ्या त्या वाक्याने माझ्या नावावर शेरा बसेल आणि खात्याला शाळेवर बोट ठेवायला कारण मिळेल. दोन शब्द लिही. त्याच दिवशी सही करते.

ताई


९ मे

माननीय मुख्याध्यापिका यांस,

पालकाचा नमस्कार. यापुढे तुम्हाला असंच लिहिणार, कारण मागच्या पत्रात मला बहीण कुठे सापडली नाही, साहेबच सापडले.

तुमच्या कपाटातल्या कागदांवर विश्वास ठेवायचा तर ही वस्ती ओस पडली आहे. कोपऱ्यावरचा बेकरीवाला घर बदलून गेला. त्याच्या भट्टीचा धूर तुमच्या वर्गात येतो तो मग कुठून येतो? पिठाच्या गिरणीवाली गेली. सायकलवाला गेला. माझ्या समोरची नर्स गेली, आणि आज सकाळी तिने माझ्याकडून साखर नेली. काय बाई भुतं आहेत! पाणी भरतात, भांडतात, गच्चीवर कपडे वाळत घालतात.

आणि याला तुम्ही रीत म्हणता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे एकानेही खात्याला लेखी कळवलं नाही. सगळ्यांनी तुमची लाज राखली. पोर घेऊन गुपचूप निघून गेले, आणि खात्याला वाटलं इथे सगळं आलबेल आहे, फक्त लोकांना सामान हलवायची हौस आहे. मंत्री म्हणतात सरकारने लोकांच्या मध्ये येऊ नये. माझ्या पोरीच्या आणि शाळेच्या मध्ये सरकार कुठे उभं आहे ते मला दिसतंय. तुमच्या टेबलामागे उभं आहे, लाल पेन घेऊन.

भिंगरी काल विचारत होती, "आई, आपण कुठे राहायला चाललोय?" तिने तुमचा शेरा वाचला. मी तिला काय सांगू? मावशीला खोटं आवडतं म्हणून सांगू?

दुसऱ्यांच्या पोरांसाठी तुमचा जीव तुटतो, ते दिसतं सगळ्यांना. स्वतःचं एक पोर असतं ना, तर कळलं असतं की त्याच्यासाठी माणूस एक अक्षर खोटं लिहीत नाही आणि एक दिवस वाट बघत नाही.

महिना संपायला फार दिवस नाहीत. सही करा, नाहीतर मी वर जाईन.

पालक


२२ मे

पालक महोदया,

सोबत दाखला. कारणाच्या रकान्यात तुमचंच वाक्य आहे, जसंच्या तसं. शाईने. खाली सही आणि शाळेचा शिक्का. या शाळेतून बाहेर पडणारा असा हा पहिलाच कागद. कारकून दोनदा विचारून गेला, "बाई, नक्की ना?"

तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी वाचलं. पुन्हा वाचणार नाही. वर जायची गरज नाही, आणि माझ्या दाराशीही यायची गरज नाही. भिंगरीला यायचं असेल तर येऊ दे. तिच्यावर माझा राग नाही.

मुख्याध्यापिका


११ जुलै

ताई,

हे आधीच लिहायला हवं होतं. नवरा रोज सांगतो, "गाडी रिकामी जाते, काही टपाल नाही का?" ते पोराबद्दलचं वाक्य मी मागे घेते. रागात उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाकीचं पत्र मागे घेत नाही, त्यातलं प्रत्येक अक्षर खरं आहे.

भिंगरी मजेत आहे. नव्या शाळेची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते. प्रयोगाची खोली एवढी उजेडाची की आमच्या दुकानाच्या मालकाने बघितली तर तो तिथेच मुक्काम करील. प्रत्येकाला आपलं आपलं भिंग मिळतं. बाक अजून निम्मे रिकामे आहेत. नवी शाळा, लोक बघून बघून येतायत. तिच्या विज्ञानाच्या सरांनी ते घड्याळ शाळेत आणायला सांगितलं आणि अख्खा तास त्याच्यावर घेतला. ती घरी येऊन बोलायची थांबत नाही, तिचा बाप पाव मोजताना चुकतो. तू काहीही म्हण, मला निवडता आलं म्हणून हे झालं. नाहीतर माझी पोर अजून जिन्याखाली बसली असती.

आमच्या गल्लीतल्या आणखी काहींनी कुपनं काढली असं ऐकलं. त्यांनी काय कारण लिहिलं ते विचारणार नाही. कारकुनाचा शिक्का झिजला असेल.

एवढं तरी लिही की वाचलंस. तुझा फुगवा अजून उतरला नाही का?

धाकटी


३ सप्टेंबर

धाकटे,

फुगवा नव्हता. शाळा वाचवायला पळत होते. आता पळून झालं, म्हणून लिहिते.

शाळा बंद करण्याची नोटीस आली. पटावर आता फक्त मजुरांची पोरं उरलीत. पट नियमाच्या खाली गेला, तेवढंच असतं तर हात जोडून मुदत मिळाली असती. खाली कारण दिलंय. मी तुला उतरवून देते: "सदर परिसरातील वस्ती मोठ्या प्रमाणात स्थलांतरित झाल्याचे शाळेच्याच दाखल्यांवरून स्पष्ट होत असल्याने येथे शाळेची गरज उरलेली नाही." शाळेच्याच दाखल्यांवरून. माझ्या सह्या आहेत त्यांच्यावर. मी त्यांना ताटात वाढून दिलं, धाकटे. सगळ्यांची लाज राखली आणि स्वतःच्या हाताने शाळेच्या गळ्यात दोर बांधला. माझा इतका संताप झालाय की वर्गात खडू धरला की मोडतो.

इमारत मतपेट्या आणि खात्याच्या जुन्या कागदांचं गोदाम होणार आहे.

सुनावणी ठेवलीय, सतराला. पण हरकत फक्त परिसरात राहणाऱ्या पालकांनी घ्यायची. मी घरोघर गेले. बेकरीवाला आला, गिरणीवाली आली, तुझ्या समोरची नर्स ड्यूटी सोडून आली. सगळे खात्याच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने एकेकाचा कागद काढला आणि म्हणाला, "तुम्ही तर घर बदललंत." गिरणीवाली म्हणाली, "अहो, मी तुमच्या समोर उभी आहे." तो म्हणाला, "तुम्ही असाल, तुमचा पत्ता नाही." सगळे परत आले. मजुरांच्या आया आल्या होत्या, पोरं कडेवर घेऊन. त्यांना तर पत्ता कधी नव्हताच. मी नोकरीत, मला तोंड उघडायचा हक्क नाही.

शाळेच्या कागदांप्रमाणे या वस्तीत राहणारी पालक एकच उरली आहे. कोण ते तुला माहीत आहे.

मी विचारत नाही. मी फक्त कळवते.

ताई


५ सप्टेंबर

ताई,

"मी विचारत नाही, मी फक्त कळवते." वा! सगळ्या गावाच्या दारात गेलीस, माझ्या दारात येताना मात्र नोटीस पाठवलीस. आणि मी ते वाक्य लिहिलंच नसतं, तर काय केलं असतंस? माझाही दाखला तुझ्या शिक्क्याखाली गेला असता आणि मीही आज खिडकीशी भूत होऊन उभी असते.

मला तुझा राग येतो. त्या खात्याचा येतो. बेकरीवाल्याचा येतो, गिरणीवालीचा येतो, सगळ्यांचा येतो. खरं बोलायच्या वेळी सगळे गोड, आणि आता शाळा हवी म्हणून छाती पिटतात. मी जाऊन काय सांगू? ज्या शाळेतून माझी पोर काढली ती शाळा वाचवा? साहेब हसेल मला. नवरासुद्धा हसला, म्हणाला, "हॉटेल वाईट म्हणून उठायचं आणि ते बंद करू नका म्हणून भांडायचं."

त्याला मी म्हटलं, ते हॉटेल बंद झालं तर मी दुसरीकडे जेवेन. ज्यांना दुसरीकडे आत घेत नाहीत ते काय खातील? पण तुला मी हो म्हणालेली नाही. गेले तर खरं तेच बोलेन, विज्ञानाची खोलीही सांगेन आणि जिन्याखालचा फळाही. तुझी लाज राखायला मी जाणार नाही. आणि आधी तू विचार. तोंडाने नाही तर हाताने लिहून विचार.

धाकटी


६ सप्टेंबर

धाकटे,

जा. खरं तेच सांग, माझी लाज राखू नकोस. पण जा. हात जोडून सांगते.

ताई


१८ सप्टेंबर

ताई,

तू बाहेर बाकावर होतीस आणि मी बाहेर पडल्यावर तुझ्याशी न बोलता निघून गेले. रडायला येत होतं, आणि त्या इमारतीत मला रडायचं नव्हतं. आत काय झालं ते आता लिहिते.

साहेब तरुण होता. फार गोड बोलणारा. मला पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. पत्ता विचारला, सांगितला. "तोच?" "तोच. जन्मापासून." त्याने भिंगरीचा दाखला काढला, कारण मोठ्याने वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं, जिंकले. तो म्हणाला, "म्हणजे पालक असमाधानी आहेत. मी हेच तर शोधत होतो." आणि लिहायला लागला.

मी म्हटलं, काय लिहिता? म्हणाला, "स्थलांतराचं कारण कोर्टात टिकलं नसतं, उद्या कुणीतरी लोकांची डोकी मोजली असती. हे टिकेल. पालकांनी स्वतः निवड करून ही शाळा नाकारली आहे. लेखी पुरावा आहे."

ताई, लोकांनी खोटं लिहिलं म्हणून बंद, आणि मी खरं लिहिलं म्हणून तर पक्की बंद. मी ओरडले. मी म्हटलं, मी बाई मागितली होती, कुलूप नाही मागितलं. मी शाळा सोडली, शाळा मोडा म्हणून सांगितलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "तुमची मुलगी आता चांगल्या शाळेत आहे ना? मग तुमची तक्रार काय आहे?" खरंच त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, आणि पुलावरची पोरं? म्हणाला, "त्यांनाही निवडायचा तेवढाच हक्क आहे. शाळा बंद झालेल्या मुलांना महिनाभरात कुठेही प्रवेश घेता येतो, नवी शाळा नाही म्हणू शकत नाही. फक्त कुपनासाठी पत्ता लागेल." मी म्हटलं, त्यांना पत्ता नाही म्हणून तर ती तिथे होती! तो म्हणाला, "बाई, लोकांना घरं देणं हे या खात्याचं काम नाही. सरकारने किती ठिकाणी हात घालायचा?"

मग त्याने मला सही करायला पेन दिलं. मी ते टेबलावर आपटून आले. निब वाकली असेल तर बरं होईल.

मला अजूनही वाटतं की मी भिंगरीला काढलं ते बरोबर केलं. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा काढीन. माझी पोर मी निवडीन तिथे शिकणार, याच्यात मी काही चूक केली नाही, आणि तरी त्या साहेबाने माझा हात धरून माझ्याच हाताने ते कुलूप लावून घेतलं. काल तिथून दुकानात गेले आणि घासताना दोन काचा फुटल्या.

रात्रभर विचार केला. त्या पोरांना पत्ता हवा ना? माझा लिही. सगळ्यांचा. गाडी माझ्या गल्लीशी येते, तिथून चढतील. विचारलं तर सांग, माझ्याकडे राहायला आलीत. मी सांगेन, हो, आलीत. मी कधी खोटं लिहिलेलं नाही, हे त्यांच्या कागदांवर आहेच. त्याचा आता उपयोग होऊ दे.

धाकटी


२९ सप्टेंबर

धाकटे,

पोरांच्या आयांना बोलावून विचारलं. एकीने विचारलं, "त्या बाईंना आम्ही काय लागतो?" मी पेन उघडलं. मग मी सगळे अर्ज स्वतः बसून भरले, माझ्या अक्षरात. कारकून शेवटपर्यंत बसला, आणि जाताना त्याने तो शिक्का खिडकीतून गटारात फेकला.

तुझा पत्ता सगळ्यांना लावला नाही. तुझ्या दोन खोल्या, त्यात तुम्ही तिघं आणि पावाचे क्रेट. कुठल्याही साहेबाला संशय येईल. निम्मी पोरं तुझ्याकडे लिहिली, निम्मी माझ्याकडे. माझ्या घरात तीन खोल्या आहेत आणि राहते मी एकटी. पहिल्या अर्जावर मुलाच्या नावापुढे माझ्या घराचा नंबर लिहिला तेव्हा जे पुन्हा वाचणार नाही म्हटलं होतं, ते तुझं पोराबद्दलचं वाक्य वाचल्यासारखं झालं. पण या खेपेला तेवढं लागलं नाही. मी पुढचा अर्ज घेतला.

कुपनं काल आली. सगळी. तुझा नवरा गाडी थांबवून ती बघून गेला आणि पहिल्यांदाच मत दिलं, म्हणाला, "दोघी जेलमध्ये जाणार."

मला मतदारयाद्यांच्या कामाला घेतलंय. बावीस वर्षं शिकवल्यावर मी आता दारोदार जाऊन विचारणार की इथे कोण राहतं. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबाने बजावलं, पत्ते नीट तपासा, बाई, एकेका घरात फार माणसं दिसतायत. मी म्हटलं, तपासते.

पण कधी ना कधी कुपनांचे पत्ते तपासायला खरोखरच माणूस येणार. तुझी गल्ली आधी लागते, म्हणजे तो आधी तुझ्याकडे येईल. त्याला दारात उभा करू नकोस. आत बसव, पाणी दे, पंखा त्याच्याकडे वळव. आणि भिंगरीला पळत माझ्याकडे पाठव. मी हातातलं टाकून तुझ्या घरी येते. त्या माणसाशी तू एकटीने भांडायचं नाहीस, मला त्याच्याशी फार दिवसांपासून बोलायचंय.

ताई